गळलेली अकरा नावं

फोन आला तेव्हा मी घरतांनीच लिहिलेलं वाचत होते. स्क्रीनवरचं अक्षर सगळ्यांचं सारखंच दिसतं, पण ज्या माणसाच्या शेजारच्या खुर्चीवर तीन वर्षं काढली त्याचा प्रोग्रॅम लांबूनही ओळखू येतो. कुठे ओळ मोकळी सोडायची, कुठे शेरा लिहायचा, याची ज्याची त्याची खोड असते. सन दोन हजार तोंडावर आलं म्हणून सगळ्या कंपन्यांना आपापले जुने प्रोग्रॅम तपासून घ्यायची घाई झाली आहे, आणि त्या घाईत पनवेलच्या आमच्या जुन्या कारखान्याच्या टेपा, म्हणजे प्रोग्रॅम साठवलेल्या फिती, फिरत फिरत नेमक्या माझ्याच टेबलावर, पुण्यात, येऊन पडल्या होत्या. सकाळचे अकरा वाजले असतील. फोनवर टिळेकर होते, तिथले आमचे जुने सहकारी. म्हणाले, "सुनंदा, मध्या गेला गं. परवा सकाळी. गव्हाणला घरीच छातीत कळ आली आणि संपलं." मी "बरं" म्हणाले. खरंच सांगते, तोंडातून "बरं" एवढंच निघालं. टिळेकरांना वाटलं असेल, बाई फारच कोरडी झाली पुण्याला जाऊन. फोन ठेवला आणि समोर पाहिलं, तर स्क्रीनवर घरतांचा शेरा होता: 'ही फाइल नीट वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.' मग मी ती नीट वाचली. दुसरं काही सुचेना.

मधुकर घरतांना तुम्ही ओळखत नाही, ओळखायचं काही कारणही नाही. त्यांच्या नावाचा कुठे फलक नाही. गव्हाणच्या मिठागरवाल्या घरातले ते. कारखान्यासाठी जमिनी गेल्या तेव्हा घरटी एक नोकरी मिळाली, ती थोरला म्हणून त्यांच्या वाट्याला आली. पनवेलला तळ्याच्या अंगाला कारखान्याचं कॉम्प्युटर सेंटर होतं, परदेशातून आणलेलं एक जुनं मेनफ्रेम मशीन तिथे बसवलेलं. घरतांचं काम काय, तर खालच्या मजल्यावरून टेपा वर आणायच्या आणि वापरून झाल्या की खाली नेऊन ठेवायच्या. मशीनच्या खोलीत थंडी अशी की बाहेर मे महिन्यात डांबर वितळत असताना हा माणूस तपकिरी स्वेटर घालून वावरायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत मशीनची जाडजूड पुस्तकं मांडीवर घेऊन बसायचा. कोणी शिकवलं नाही. शिकवणार कोण? जे शिकलेले होते त्यांनाच धड येत नव्हतं.

त्या शिकलेल्यांपैकी मी एक. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास मी तिथे लागले, तेव्हाची सुनंदा लेले, पदवीचा तोरा नाकावर घेऊन. पहिल्याच आठवड्यात मी घरतांना टेप आणायला पिटाळलं. त्यांनी टेप आणली, माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं आणि हलकेच सांगितलं की मॅडम, हे तिसऱ्या पायरीला बंद पडणार. मला राग आला. तिसऱ्या पायरीला पडलंच. नवे साहेब आले आणि त्यांनी पहिलं काम केलं ते हे, की घरतांच्या हातातून टेपा काढून घेतल्या आणि त्यांना माझ्या शेजारी बसवलं. साहेबांबद्दल माझ्या मनात पुढे फार काही चांगलं राहिलं नाही, पण एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

साहेब सी या प्रोग्रॅम लिहायच्या भाषेचे वेडे होते. आमचं सगळं काम कोबोलमध्ये चालायचं, त्यांना नवीन कामं सीमध्येच हवी होती. आमच्या मशीनसाठी सीचा कंपायलर, म्हणजे लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देणारा प्रोग्रॅम, मिळाला, पण त्याच्यासोबतची लायब्ररी अर्धीमुर्धी. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. फाइल उघडणं, ओळ वाचणं, आकडा छापणं, ही रोजची कामं दर प्रोग्रॅमात पुन्हा कोण लिहीत बसणार? ती एकदाच लिहून ठेवायची आणि ज्याला लागेल त्याने उचलायची, घरात वाटण करून ठेवतो तसं. साहेबांनी कुठूनशी परदेशातून अख्ख्या लायब्ररीची सोर्स टेप मिळवली. दोनशेच्या वर फायली. त्या आमच्या मशीनवर कंपाइल करून उभ्या करायच्या, हे काम घरतांचं आणि माझं.

काय दिवस होते ते! सीला पावलोपावली चौकोनी कंस लागतात आणि आमच्या टर्मिनलवर चौकोनी कंस नव्हतेच. घरतांनी त्या जागी तीन-तीन चिन्हांचे गट घालून दोनशे फायली बदलल्या, एक-एक ओळ वाचत. मग कळलं की अक्षरं ओळखणारा भागच चुकतो आहे. मी दोन दिवस डोकं फोडलं. घरत चहा पिऊन आले आणि म्हणाले की ज्यांनी हे लिहिलं त्यांनी आपल्या मशीनचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही. त्यांनी धरलंय की ए ते झेड सगळी अक्षरं मशीनमध्ये ओळीने बसलेली असतात. आपल्या मशीनमध्ये मध्ये मध्ये रिकामी घरं आहेत, आय नंतर लगेच जे येत नाही. हे त्यांना तोंडपाठ होतं, कारण टेपा वाहण्याच्या काळात मशीन आतून काय साठवतं याची छापलेली पानं ते विरंगुळा म्हणून वाचत. मी पदवीधर, मला ते वाचावंसं कधी वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून माझा तोरा उतरला आणि मी त्यांच्याकडून शिकायला लागले. शिकवताना त्यांना कधी चिडलेलं पाहिलं नाही. चूक झाली की फक्त "हं..." म्हणायचे आणि आपण स्वतः शोधेपर्यंत वाट बघायचे.

त्यांचा एकच नियम होता, आणि तो मात्र दगडावरची रेघ. दोनशे फायलींत काही फायली नुसत्या मोजमापांच्या असतात, त्यांना हेडर म्हणतात. कुठली गोष्ट कितव्या जागी ठेवली आहे एवढंच तिथे लिहिलेलं, आणि बाकीच्या फायली त्यावर विसंबून चालतात. हेडरला हात लावला की घरत म्हणायचे, "सगळी परत." म्हणजे दोनशेच्या दोनशे फायली पुन्हा पहिल्यापासून कंपाइल करायच्या. एकही जुनी राहता कामा नये, नाहीतर ती जुन्याच जागी हात घालत बसते आणि कोणाला पत्ता लागत नाही. मशीनवर कारखान्याची रोजची कामं आधी, आमचं सगळ्यात शेवटी, त्यामुळे "सगळी परत"मध्ये अख्खा शनिवार जायचा. एकाने यादी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रिंटआउटवर लाल पेन्सिलीने खूण करायची. आणि सगळं झालं की घरत प्रिंटआउट मागून वाचायला घ्यायचे, शेवटचं पान आधी. पहिलं पान नेहमी चांगलंच येतं, म्हणायचे.

आता जे लिहायचं आहे ते मी सात वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. आमच्या कारखान्यात मिठापासून रसायनं बनत आणि त्यात पारा वापरत. पाऱ्याच्या विभागात काम करणाऱ्यांची ठरावीक काळाने लघवीची तपासणी व्हायची. ज्याच्यात प्रमाण जास्त निघेल त्याला त्या विभागातून हलवायचं आणि पुन्हा तपासायचं. त्या लोकांची यादी काढणारा प्रोग्रॅम आमचा होता, आमच्या लायब्ररीवर चालणारा. त्या खेपेला यादी मोठी होणार म्हणून फायलींच्या हेडरमध्ये मला एक मोजमाप वाढवावं लागलं. घरत नव्हते. जासईला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या घरी कार्य होतं, ते दोन दिवस रजेवर. जाताना मला बजावून गेले होते की हेडरला हात लावलात तर सगळी परत, मॅडम. मी म्हटलं, "हो हो."

शनिवारी चार वाजता मला बघायला येणार होते. आईने सकाळीच सांगून ठेवलं होतं की दोन वाजता घरात पाहिजेस, केस धुवायचेत. मी हेडर बदललं, प्रथेप्रमाणे बदलाच्या ओळीपुढे माझी आद्याक्षरं टाकली, आणि ज्या फायलींशी त्या मोजमापाचा संबंध आहे असं मला वाटलं त्या आठ फायली तेवढ्या पुन्हा कंपाइल केल्या. बाकीच्या जुन्याच राहू दिल्या. प्रोग्रॅम चालवला, यादी छापली. पहिलं पान पाहिलं. छान आलं होतं. दीड वाजता मी रिक्षात बसले होते. कार्यक्रम झाला, पसंती झाली, आणि सोमवारी मी ऑफिसात पेढे वाटले. घरतांनी दोन घेतले, एक बहिणीच्या पोराला म्हणून.

फाइल बंद करणारा भाग मी पुन्हा कंपाइल केला नव्हता. तो जुन्या मोजमापाने चालला. शेवटच्या काही ओळी लिहायच्या राहिल्या आहेत हे त्याला कळलंच नाही, आणि त्याने फाइल बंद केली. यादीतली शेवटची अकरा नावं छापलीच गेली नाहीत. तक्रार कुठली येणार? जे छापलं होतं ते बरोबर होतं. सहा महिन्यांनी पुढची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आलं की पाऱ्याच्या विभागातल्या एका माणसाचं प्रमाण भयंकर आहे, आणि मागच्या खेपेलाही ते जास्तच होतं, मग याला बोलावलं कसं नाही? अकरापैकी दहाजण या ना त्या कारणाने आधीच दुसरीकडे गेले होते, ते सुटले. बाळाराम म्हात्रे सुटले नाहीत. त्यांचे हात कापायला लागले होते. बाळाराम म्हात्रे म्हणजे जासईचे, घरतांच्या धाकट्या बहिणीचे यजमान... ज्यांच्या घरच्या कार्यासाठी घरत रजेवर गेले होते, तेच.

साहेबांच्या केबिनमध्ये चौकशी झाली. साहेब, डॉक्टर, घरत आणि मी. डॉक्टरांनी अकरा नावं वाचली. घरत खिडकीकडे बघत होते. साहेबांनी विचारलं की हेडरमध्ये बदल कोणी केला? लग्नाची तारीख निघाली होती, पत्रिका छापायला गेल्या होत्या, आणि माझ्या मनात त्या क्षणी बाळाराम म्हात्रे नव्हते, पत्रिका होत्या. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं. मी तोंड उघडायच्या आत घरतांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. हेडरची प्रिंट. बदलाच्या ओळीपुढे त्यांची आद्याक्षरं होती. "लायब्ररी मी बांधली, साहेब," ते म्हणाले. "चूक माझी."

तुम्ही म्हणाल, तेव्हा बोलली का नाहीस? मी स्वतःची समजूत काढली, आणि ती फार पटकन काढली. मी स्वतःला सांगितलं की आद्याक्षरं टाकायची माझ्याकडून राहून गेली असणार, आणि मोकळी ओळ पाहून घरतांनी सवयीने आपली टाकली असणार. म्हणजे घरतांना ठाऊकच नाही. त्यांना वाटतंय की त्यांच्याच कुठल्या तरी बदलातून हे झालं. मग मी कशाला मध्ये बोलू, झालेलं काही परत येणार आहे का? जिन्यात मी त्यांना गाठलं आणि "घरत, मी..." एवढं म्हणाले. त्यांनी पुढे बोलू दिलं नाही. म्हणाले, "सगळी परत करू, मॅडम. तुमी यादी वाचा, मी खुणा करतो." त्या शनिवारी आम्ही दोनशे फायली कंपाइल केल्या. मी वाचत होते, ते लाल पेन्सिल चालवत होते, आणि दिवसभरात यादीबाहेरचा एक शब्द आमच्यात झाला नाही. संध्याकाळी शेवटच्या पानापासून वाचून ते उठले. दुसऱ्या दिवसापासून त्यांना पुन्हा खालच्या मजल्यावर टेपांच्या खोलीत पाठवलं. ज्याने लायब्ररी उभी केली तो माणूस परत टेपा द्यायला-घ्यायला बसला, आणि मी वरून चिठ्ठी पाठवायची की अमुक नंबरची टेप द्या. माझ्या लग्नाला ते आले होते. मागच्या रांगेत बसले, जेवले, आणि निघताना माझ्या नवऱ्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "मॅडमचा कामात हात लय साफ हाय." मी हसले. त्यानंतर वर्षभरात मी नोकरी सोडून पुण्याला गेले आणि पुन्हा त्यांना भेटले नाही.

टिळेकरांचा फोन आला त्याला चार दिवस झाले होते. तपासणीच्या कामातला एक ठरलेला भाग असा की एकाच फाइलीच्या दोन वेळच्या प्रती मशीनला द्यायच्या, फरक असेल त्या ओळी ते शेजारी शेजारी दाखवतं. त्या हेडरच्या दोन प्रती टेपांवर होत्या. एक मी बदल केला त्या महिनाअखेरची, दुसरी चौकशीच्या महिन्याची. फरक एकाच ओळीत निघाला. पहिल्या प्रतीत त्या ओळीपुढे माझी आद्याक्षरं होती, दुसऱ्या प्रतीत त्यांची. बाकी एक खूणही हललेली नव्हती. बदलाची वेळ मशीनने नोंदलेली होती, चौकशीच्या दिवशी सकाळी, केबिनमध्ये जायच्या आधी अर्धा तास.

त्यांना माहीत होतं. चौकशीत माहीत होतं, त्या शनिवारी लाल पेन्सिल चालवताना माहीत होतं, माझ्या लग्नात माहीत होतं... आजूबाजूला पोरंपोरी डबे उघडत होती, कोणीतरी मला लोणचं देऊ केलं. त्या दिवसापासून घरत मला सोडत नाहीत. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, आणि तरी टर्मिनलसमोर बसले की उजव्या हाताच्या खुर्चीकडे बघायचं मी टाळते. दुपारच्या लख्ख उजेडात, चारचौघांत. "हं..." असं कोणीतरी म्हणतं आणि वाट बघत राहतं. मी ते घरी नवऱ्याला सांगितलं, सगळंच सांगितलं, पहिल्यापासून. तो म्हणाला, "तेव्हा सांगितलं असतंस ना, तरी मी तुझ्याशी लग्न केलंच असतं." त्याला मला धीर द्यायचा होता. मला वाटलं, याच्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या शनिवारी मी ऑफिसात गेले आणि लायब्ररी पहिल्यापासून कंपाइल केली. सगळी परत. कोणी सांगितलं नव्हतं, कामात त्याची गरजही नव्हती. यादी मीच वाचली आणि खुणाही मीच केल्या. आठवी फाइल झाली तेव्हा हात थांबला... सात वर्षांपूर्वी मी इथेच उठले होते. नववी घेतली, दहावी घेतली. नव्या मशीनवर हे काम तासा-दीड तासाचं, पण मला संपता संपेना. मग जुन्या टेपेवरून त्या खेपेच्या तपासणीचे आकडे घेतले, तोच प्रोग्रॅम चालवला आणि यादी छापली. शेवटचं पान आधी काढलं. तिथे ती अकरा नावं होती, सात वर्षं उशिराने, ओळीने. शेवटून तिसरं, म्हात्रे बाळाराम.

ते पान घेऊन मी गव्हाणला गेले. घरतांना जाऊन तेव्हा महिना होत आला होता. सुमनवहिनी, त्यांची बायको, मला एकदाच लग्नात भेटलेली, पण ओळखलं तिने. पाणी दिलं, बसवलं. त्यांच्या शेवटच्या दिवसाचं सांगितलं, जसं सांगतात तसं. मग बोलता बोलता म्हणाली की लीलावन्सं आली नाही. लीला म्हणजे ती जासईची बहीण. भाऊ गेला तरी आली नाही. आली म्हणजे वळणापर्यंत आली, उभी राहिली आणि तिथूनच मागे गेली. मी विचारलं, का? मला माहीत नाही हेच वहिनीला खरं वाटेना. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की घरतांनी आपल्याच मेव्हण्याचं नाव यादीतून गाळलं. कोणी म्हणालं निष्काळजीपणा, कोणी म्हणालं जमिनीच्या वाटणीवरून जुना राग होता तो काढला. घरतांनी एकदाही "मी केलं नाही" असं म्हटलं नाही, आणि "मी केलं" हे तर साहेबांपुढे कबूलच केलेलं. बाळाराम म्हात्र्यांचं काम सुटलं. हातात पेला धरवेना. लीलाने भावाशी बोलणं टाकलं. सात दिवाळ्या भाऊबीजेला घरत पाटावर बसले नाहीत.

हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची सोडली एवढंच मी जाणत होते, आणि तेवढ्याच ओझ्याने वाकले होते. त्यांनी बहीण सोडली होती.

सुमनवहिनी म्हणाली, "मॅडम, तुमी त्याच खोलीत व्हतात. मी त्याना किती येला इचारला. खरंच त्यांच्या हातून झाला का हो?"

मी म्हटलं, "नाही. माझ्या हातून झालं."

ती रडली नाही. भिंतीला टेकली आणि डोळे मिटले. मला वाटत होतं की तिने काहीतरी बोलावं, शिव्या द्याव्यात, घराबाहेर काढावं. ती उठली, पदर खोचला आणि पायांत चपला घातल्या. मला सांगून काय उपयोग, म्हणाली, चला जासईला. गव्हाण फाट्यावर आम्हाला सहा आसनी रिक्षा मिळाली. रस्ताभर कंटेनरचे ट्रक, धूळ, आणि आम्ही दोघी शेजारी शेजारी, एकमेकींच्या अंगावर आदळत.

लीलाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. भावजयीला पाहून त्या उठल्या नाहीत की सूपही खाली ठेवलं नाही. वहिनीने मला पुढे केलं आणि म्हणाली की ही काय सांगते ते ऐका. मी सांगितलं. आधी वाटलं होतं हे समजावणार कसं, हेडर, फायली, कंपाइल... पण समजवायला काही लागलंच नाही. म्हटलं, दोनशे ठिकाणी बदलायचं होतं, मी आठ ठिकाणी बदललं आणि घरी गेले. मला बघायला येणार होते. मधुकर घरत त्या दिवशी तुमच्याकडे होते, या घरात. बाळाराम म्हात्रे आतून बाहेर आले होते आणि चौकटीला धरून उभे होते. मी त्यांच्या हातात पान दिलं. कागद असा थरथरत होता की त्यांना वाचता येईना, शेवटी त्यांनी तो जमिनीवर ठेवला आणि उकिडवे बसून बोटाने एकेक ओळ शोधली. बोटही एका जागी ठरत नव्हतं.

"मंजे माजा नाव व्हता?" ते म्हणाले.

"होतं. पहिल्यापासून होतं."

"मधूनी काढला नाय?"

"नाही."

लीलाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. त्यांनी मला विचारलं की तुमाला कवापासून म्हाईत व्हता? मी म्हटलं, माझ्या हातून झालं हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी माहीत असून स्वतःवर घेतलं, हे आत्ता कळलं. माझी क्षमा करा, असं मी म्हणाले असेन, नक्की आठवत नाही. त्यांनी ते ऐकलं नाही किंवा ऐकून सोडून दिलं. क्षमा त्यांनी केली नाही. मला त्याबद्दल त्यांचे आभारच मानावेसे वाटतात.

"सात वर्सं ववाळला नाय मी त्याला," त्या म्हणाल्या. "दर साली यायचा. फाट्यावर उभा रावायचा. मी पोराला सांगायची, सांग, आय घरान नाय."

मग सुमनवहिनीकडे न बघता त्यांनी तिचा हात धरला, आणि मला म्हणाल्या, "या गावान, त्या गावान, सगल्यांनी त्याचा नाव घेतला. आता तुमचा घ्या. पेपरान लिवा, सगल्यांना वाचू द्या."

म्हणून हा लेख. घरतांच्या आठवणी सांगायच्या तर पुष्कळ आहेत, आणि दुसऱ्या कोणी लिहिल्या असत्या तर जास्त मायेने लिहिल्या असत्या. मला एवढंच लिहायचं होतं, आणि ते लिहायला मी सात वर्षं आणि एक मरण घालवलं. गव्हाणच्या आणि जासईच्या लोकांनो, बाळाराम म्हात्र्यांचं नाव मधुकर घरतांनी गाळलं नाही. ते मी गाळलं. मी, सुनंदा लेले.